गंज न चढणारी सुरी

मुशीत आटवलेल्या पोलादाला गंज चढत नाही, हे कारागीर इतक्यांदा सांगे की त्याची बायको ते झोपेतही म्हणून दाखवी. शिकारीच्या सुऱ्या तो हातानं घडवी. गिऱ्हाइकाला आधी ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावी आणि त्या ठशावरून लाकडाची मूठ कोरी. सुरी ज्याची त्यालाच द्यायची, हा त्याच्या वडिलांच्या वेळचा शिरस्ता.

एक शिकारी असाच ठसा देऊन जंगलात गेला, तो परतलाच नाही. त्याची तयार सुरी वर्षभर खुंटीला लटकत राहिली. मग कारागिराच्या धाकट्या भावानं शिकारीला जाण्यासाठी सुरी मागितली. मेलेला माणूस तगादा लावत नाही, असा पोक्त विचार करून कारागिरानं तीच मूठ भावाच्या हाताला बसेल अशी कानशीनं घासली.

सकाळी पात्यावर चार तांबूस डाग होते, शेजारी शेजारी. त्यानं ते घासून काढले. दुपारी ते परत आले.

"गावभर टिमकी वाजवता ना?" बायको म्हणाली. "आता राख देऊ घासायला?"

एरवी तो हसला असता. पण पात्याला कुजलेल्या पाल्याचा वास येत होता, आणि डाग बोटांएवढे होते.

भाऊ आला तेव्हा पातं मुशीत वितळत होतं.

"दादा, अरे, माझी सुरी ना ती?"

"तुझी नव्हती. ही जुनी घेऊन जा."

"वा! सख्ख्या भावाला मोडीतला माल!"

आठवडाभरानं भाऊ धडधाकट परतला. कारागिराच्या जिवात जीव आला.

"तुझं एक गिऱ्हाईक भेटलं जंगलात," पायरीवर बसून बूट काढत भाऊ म्हणाला. "सुरी झाली का, विचारत होता."

"तू... काय सांगितलंस?"

"खरं तेच. दादानं वितळवली म्हटलं. रागावला नाही बिचारा. हात मिळवला आणि गेला."

भावाच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार तांबूस पट्टे होते.

वहिनीनं साबण लावून पाहिला. पट्टे हलेनात. कारागिरानं नखानं हळूच खरवडलं. एक पापुद्रा निघाला.

"दुखतंय...?"

"छे! काही कळतसुद्धा नाही."

पापुद्र्याखाली कातडी नव्हती. तिथेही गंजच होता.