भिंतीवरची निळी किटली

बाईंनी फ्रेम टेबलावर ठेवली. चित्रात निळी किटली आणि दोन लिंबं.

"लेकीनं अन् मी मिळून पसंत केलं होतं. चित्रकाराची अस्सल छपाई म्हणून घेतलं. काल एक जाणकार पाहुणे म्हणाले, ही नक्कल आहे. दुकानदारानं गंडवलं."

"लेक काय म्हणते?" मावशींनी विचारलं. शोधकामातली सारी माणसं त्यांना मावशीच म्हणत.

"तिनं मनाविरुद्ध लग्न केलं. तेव्हापासून हे घरात तिचं नावही काढू देत नाहीत."

मावशींचे सहकारी मास्तर यांनी फ्रेम उघडली. उन्हानं चित्राभोवतीचा पुठ्ठा पिवळा पडला होता. चित्राचे रंग मात्र पुठ्ठ्याखाली होते तसेच बाहेरही टवटवीत. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुकानदार म्हणाला, "हा चित्रकार कागदाच्या मागे पेन्सिलीनं सही करतो. फ्रेम लावल्यावर ती दिसत नाही. बाईंना मी फ्रेम करूनच दिलं."

गेल्या महिन्यात घर रंगवणारा रंगारी म्हणाला, "चित्र उतरवून मालकांच्या हाती दिलं. टांगलं त्यांनीच."

नवरा कंटाळून म्हणाला, "मी त्याला कधी हात लावला नाही. ही सगळी दुकानदारांची थेरं. मागे पेन्सिलीनं सही खरडली, की झालं अस्सल."

मास्तरांचे पाय भरून आले होते. "दुकानदारच चोर," ते म्हणाले.

मावशी तिथेच नवऱ्यासमोर टेकल्या. "पुठ्ठा उन्हानं पिवळा पडला, चित्र जराही विटलं नाही. म्हणजे नक्कल घरातच, अलीकडे बसवली. रंगाऱ्यानं चित्र तुमच्या हाती दिलं, तुम्ही म्हणता हात लावला नाही. आणि फ्रेम न उघडता मागची सही तुम्हाला कशी ठाऊक? चोर भिंत रिकामी सोडतो, साहेब. तुम्ही ती भरून ठेवलीत. अस्सल चित्र लेकीकडे आहे ना?"

नवऱ्यानं चष्मा काढला. "तिनं मागितलं. मला नाही म्हणवेना."

"म्हणजे तुम्ही तिला भेटता," बाई म्हणाल्या. "आणि मला तिचं नाव घ्यायची बंदी."

"एकदा तोंडातून शब्द गेला. तुझ्यासमोर मागे कसा घेऊ?"

बाईंनी उठून चपला घातल्या.

"पत्ता सांगा."

"मीही येतो."

"नको," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "इतके दिवस तुम्ही एकटे जात होतात. आज मी एकटी जाते."