सहीचा ठोकळा

श्रावणातला पाऊस भुरभुरत होता. हर्षालीचं बोट शेवटच्या बटणावर जाणार, एवढ्यात नारायणगावची लाईट गेली. सायबर कॅफेतले सगळे पडदे एकदम काळे झाले. बाहेर टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपचे हॉर्न तेवढे वाजत राहिले. दुपारभर खपून लिहिलेला मेल कुठल्या कुठे गेला आणि हर्षाली बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने ओढणीने चष्मा पुसायला घेतला.

"सेव्ह केलं न्हवतं?" शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारलं.

"केलं असतं तर अशी बसले असते का?"

"मागच्या महिन्यात बी असंच झालं व्हतं." आवाजात हसू होतं. "मी कुणाच्या मेलमधी डोकावत न्हाई... पण तुमी दर महिन्याला तेच तेच नव्यानं लिहिता, ते लांबून बी दिसतं."

म्हणजे हा लांबून बघत होता तर. हर्षालीने चष्मा लावला आणि नीट पाहिलं. सावळा, उंच, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. नाव गोरक्ष. कॅफेच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा. घोडेगावच्या पलीकडचा, सोमाजीबाबांचा मुलगा, हे कळल्यावर तर ती ओशाळलीच. कारण सोमाजीबाबा तिच्या घरच्या माणसासारखेच. पिंपळवंडीच्या हर्षालीच्या घरच्या रानातली बाजरी निघाली, की दरवर्षी सोमाजीबाबा मेंढरं घेऊन यायचे. मेंढरं रानात बसायची, रानाला खत मिळायचं, बाबांना धान्य मिळायचं. हर्षालीच्या आजोबांपासूनची ही रीत. कळपामागे पळणारं शेंबडं पोरगं तिला आठवत होतं. ते असं वाढेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

हर्षालीचे वडील हौशीराम, म्हणजे आबा, यांनी द्राक्षबागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. पुण्या-मुंबईची माणसं यायची, पिठलं-भाकरी खायची, बैलगाडीत बसायची. या पाहुण्यांना दर महिन्याला मेल पाठवायचं काम लेकीकडे होतं, आणि ती ते जीव तोडून करायची.

गोरक्षने तिला युक्ती सांगितली. त्याचं म्हणणं असं, की बाबांच्या मेंढरांचा मुक्कामाचा वाडा रोज नव्या रानात पडतो, पण मेंढरांभोवती लावायची वाघर, म्हणजे ती जाळी, तीच असते. रोज कुणी नवी विणत नाही. मेलचंही तसंच करायचं. वरची पट्टी, रानात सध्या काय आहे ते, जेवण, यायचा रस्ता, खालची सही... प्रत्येकाचा वेगळा ठोकळा करून ठेवायचा. ज्या महिन्याला जो लागेल तो उचलायचा आणि जोडायचा.

दोघांनी मिळून ठोकळ्यांना नावं दिली. तोंड, शिवार, ताट, वाट आणि सही. शिवार दर महिन्याला बदलायचं, ताट कधीमधी. "सहीला मात्र हात लावायचा न्हाई," गोरक्ष म्हणाला. "जे कायमचं, तेच तिथं ऱ्हातं." सहीत लिहिलं होतं, 'आपली वाट पाहणारी, हर्षाली.'

पुढे दर सोमवारी ती नारायणगावला येऊ लागली. काम महिन्यातून एकदाचं, पण चकरा चार. आईने, साळुबाईने, एकदा विचारलंसुद्धा, की एवढे कसले ठोकळे घडवता बाई तुम्ही, घर बांधताय का. हर्षालीचे कान लाल झाले.

मेल तयार झाला, की आधी तो गोरक्षच्या पत्त्यावर जायचा. कुठे काही तुटलंय का, हे तो बघायचा. तुटलेलं काहीच नसायचं, तरी तो म्हणायचा, "ताटात मीठ कमी पडलंय." मग ती पुन्हा शेजारी बसायची आणि दोघं एकाच पडद्यात डोकं घालून नसलेली चूक शोधायची.

त्या दिवाळीत मेंढरं आली तेव्हा गोरक्षने स्वतः एक ठोकळा लिहिला. 'पहाटे कोकरं उठतात, तेव्हा आधी आईला हाक मारतात आणि मग दूध पितात. ते ऐकायला या.' एवढंच. हर्षालीने तो वाचला आणि तिला कळून चुकलं, की आपलं आता काही खरं नाही.

पण बोललं कुणीच नाही. तो मेंढपाळाघरचा, ती बागायतदाराची. एका रानात तीन पिढ्या वावरणं वेगळं आणि एका मांडवात उभं राहणं वेगळं. उन्हाळ्यात गोरक्षला पुण्यात नोकरी लागली, तीही कंपन्यांचे मेल सजवायची. निघताना तो म्हणाला, "फोल्डर सांभाळा." ती म्हणाली, "हो." एवढ्यावर पुण्याची गाडी सुटली. फोन दोघांकडेही होते, पण आधी कुणी करायचा...

पुन्हा बाजरी निघाली. सोमाजीबाबांचा निरोप आला, की यंदा येणं जमणार नाही. पाय दुखतात, पोरगा पुण्यात, एकट्याने कळप कुठवर न्यायचा? यंदा मेंढरं घोडेगावलाच बसतील.

हर्षाली कॅफेत गेली. फोल्डर उघडलं. गोरक्षचा ठोकळा तिथेच होता. तो वापरायचा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने तो मेलमध्ये जोडला आणि एकट्या गोरक्षला पाठवला, नेहमीसारखा, काही तुटलंय का बघायला. आठवडाभर वाट पाहिली. उत्तर नाही. पुढच्या सोमवारी ती अशी काही चिडली होती, की ठोकळा काढायचा राहूनच गेला आणि तोच मेल तिने सगळ्या पाहुण्यांना धाडून दिला.

दुसऱ्याच दिवशी फोन खणखणू लागले. शनिवारसाठी खोल्या भरल्या. लहान मुलं येणार होती, कोकरं बघायला. आबांनी विचारलं, "कुठली कोकरं?" तेव्हा कुठे काढायचा राहिलेला ठोकळा हर्षालीला आठवला. आबांनी कधी पाहुण्यांना खोटा शब्द दिला नव्हता. ते रागावले नाहीत, पण न जेवता मोटरसायकल काढून मेंढपाळ शोधायला गेले. सगळ्यांचे वाडे आधीच कुठे ना कुठे ठरलेले होते. सोमाजीबाबांचा फोन लागेना. डोंगरात रेंज कुठली. तिच्या रुसव्यापायी आता बापाचा शब्द पडणार होता.

शुक्रवारी दिवस कलताना ती बांधावर उभी होती. आधी रस्त्यावर धूळ दिसली. मग घंटा ऐकू आल्या. कळपापुढे गोरक्षची आई गजराबाई, घोड्यावर बिऱ्हाड, आणि मागे पुण्याची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायाला फोड आलेला गोरक्ष. काखेत कोकरू.

त्याला पाहुण्यांचं, शनिवारचं काहीच ठाऊक नव्हतं. मग हा आला कशाला?

"मेल मिळाला नव्हता?" तिने विचारलं.

"मिळाला की."

"मग उत्तर...?"

"लई येळा लिहिलं. मनासारखं जमंना." त्याने कोकरू खाली सोडलं. "म्हणून रजा काढली आन् मेंढरंच घेऊन आलो."

तिला हसू आलं आणि रडूही. तो जवळ आला, पण बांधाच्या पलीकडेच थांबला.

"हर्षाली," तो म्हणाला. आजवरचं 'तुमी' वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. "सहीत एक नाव वाढवायचं म्हणतो मी. तुझी हरकत नसंल तर..."

तिने पायाशी आलेलं कोकरू उचललं. मग म्हणाली, "आबांना मी सांगते. तू आधी वाघर लाव."

शनिवारी मुलांनी कोकरं डोक्यावर घेतली, की कोकरांनी मुलांना, सांगणं अवघड. पाहुणे गेल्यावर हर्षालीने आबांना सगळं सांगितलं, मेलच्या चुकीसकट. आबा उठून रानात गेले. भावकीत काय काय बोललं जाईल, याचा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता. अंधार पडायच्या आत परतले आणि साळुबाईकडे चहा मागितला.

"पोरगं पायी आलं," ते म्हणाले. "बोलावलं नसताना आलं." मग लेकीकडे न बघता, "पण पुढल्या साली मेंढरं हाकायला कोण, ते ठरवा म्हणावं आधी."

सोमवारी कॅफेत दोघं एकाच पडद्यासमोर बसली. हर्षालीने सहीचा ठोकळा पहिल्यांदाच उघडला आणि 'पाहणारी' खोडून 'पाहणारे' केलं. पुढे लिहिलं, 'हर्षाली आणि गोरक्ष.' तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात गोरक्षने हळूच विचारलं, "सेव्ह केलं न्हवतं?"

"केलंय," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेतला.