शेवटची तीन मिनिटं

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. रचायला वेळ कुठाय? पिल्लू झोपलं की पाऊण तास मिळतो, त्यातच हे लिहितेय.

आणि अंधाराची वाट बघू नका. हे घडलं भर दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, आमच्या पुढच्या खोलीत.

माझ्या सासूबाई लोकांचे कपडे लहान-मोठे करून द्यायच्या. पँट आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं. बाळंतपणानंतर मी घरीच होते. तेव्हा कोरियन मालिकांचं वेड सगळीकडंच होतं. लिफ्टमध्ये तोच विषय, दवाखान्यात तोच. मीही एक लावली.

सासूबाई खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत शिवत बसायच्या. नजर सुईवर. खालच्या इंग्रजी ओळी त्यांना वाचताही यायच्या नाहीत. म्हणून मीच मराठीत सांगायचे. नावं काही त्यांच्या तोंडात बसेनात. हिरो झाला ‘लांबुडा’ आणि हिरॉईन ‘छत्रीवाली’.

"काय म्हणतोय गं लांबुडा?"

"माफी मागतोय, आई."

"आत्ता? सोळा भागांतले बारा संपल्यावर? यांच्याकडचे पण आपल्याकडच्यांसारखेच!"

बाळाकडं बघताना माझी एखादी ओळ राहिली, की त्या, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं, धातूचं अंगुस्तान खुर्चीच्या हातावर वाजवायच्या.

टक्... टक्.

म्हणजे, वाच पुढं.

भाग संपला, की मात्र क्षणभरही बसायच्या नाहीत. "चला, झालं," म्हणत सुई डबीत ठेवायच्या आणि उठून जायच्या. मागं वळूनही बघायच्या नाहीत.

पंधरावा भाग संपला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. हृदय थकलंय, म्हणाले डॉक्टर.

तिथली नर्ससुद्धा तीच मालिका बघणारी निघाली.

"शेवट सांगू का आजी?"

"नको गं बाई. माझी सून वाचून दाखवणार आहे."

आणि मी काय केलं?

त्याच दुपारी, पिल्लूला पाजता पाजता, शेवटचा भाग एकटीनं बघून टाकला. आवाज बंद करून. चोरून. राहवलंच नाही मला.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पाहिलास का गं पुढचा?"

"छे हो. तुमच्याशिवाय कशी बघेन?"

"मग डोळे का सुजलेत?"

"पिल्लूनं झोपू दिलं नाही."

त्या हसल्या. काय होतं त्या हसण्यात, अजून कळत नाही. म्हणाल्या, "मोबाइलवर लाव ना मग. ऐकते पडल्या पडल्या."

मला घरी जायची घाई होती. पिल्लू शेजारणीकडं होतं.

"उद्या वाचते, आई."

पहाटे दवाखान्यातून फोन आला.

तीन आठवड्यांनी, त्या दुपारी, मी टीव्ही लावला. घर फार गप्प वाटत होतं म्हणून. पिल्लू खांद्यावर झोपलेलं.

समोर शेवटचा भाग आला. मी पूर्ण पाहिलेला...

पण तो पहिल्या सेकंदावर थांबलेला होता. कुणीच न पाहिल्यासारखा.

मी आवाज बंद ठेवूनच चालू केला. पहिली ओळ आली. गेली.

टक्... टक्.

नळ असेल. उठून बघितलं. बेसिन कोरडं होतं.

दुसरी ओळ गेली...

टक्... टक्.

खुर्ची रिकामी. अंगुस्तान तर मीच डबीत घालून कपाटात ठेवलेलं.

मी पिल्लूला घट्ट धरलं. पण तोंडातून आपोआप निघालं, "लांबुडा म्हणतोय... मी यायला उशीर केला."

आवाज थांबला.

मी वाचत राहिले. रडत, अडखळत. मध्येच पिल्लू जागं झालं. खिडकीजवळच्या खुर्चीकडं बघून खुदकन हसलं.

तीन मिनिटं उरली, आणि मी रिमोट दाबला.

भाग संपला की त्या उठतात ना...

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "ॲप गंडलं असेल. तू नीट झोपत नाहीस." पण रविवारी दुपारी तो घरी होता. त्यानं ऐकलं. कपाट उघडून डबी पाहिली. अंगुस्तान आतच होतं. बराच वेळ तो खुर्चीच्या हातावरचा, पॉलिश उडालेला तेवढाच ठिपका चोळत राहिला.

"पूर्ण कर गं," तो म्हणाला. "आईला मोकळं कर."

मान्य आहे. मलाही कळतं सगळं. तरी रोज दुपारी मी भाग मागं नेते, पहिल्यापासून वाचते आणि शेवटची तीन मिनिटं राखून ठेवते. तेवढाच तास त्या माझ्याजवळ असतात. आणि मी त्यांना अडवून धरलंय, हेही डोक्यातून जात नाही.

आज लिहायचं होतं म्हणून टीव्ही लावलाच नाही.

पिल्लू झोपलंय. पडदा हलत नाहीये...

टक्... टक्.

टीव्ही बंद असताना हे आजवर झालं नव्हतं.

टक्... टक्.

मी खुर्चीकडं न बघताच हळूच म्हटलं, "उद्या वाचते, आई."

आवाज लगेच थांबला.

त्या दिवशीही त्यांनी माझ्यावर असाच विश्वास ठेवला होता.