पालथा हात

तिला खरं तर समोरचं दार वाजवायचं होतं. तिथे कुलूप होतं. ती जिना उतरायला वळली, आणि तिच्या नाकाने तिला थांबवलं.

मासळीचा वास. पण ही मासळी पाण्यातली नव्हती…

तिने शेजारचं दार वाजवलं. उघडलं ते एका शिंप्याने. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या.

"तुमच्याकडे मासे शिजतायत?"

त्याने टाचण्या काढून कॉलरला खोचल्या. "आमच्याकडे नाही, वरच्यांकडे. आत्या तीन वर्षं त्यांच्याशी भांडतेय."

"मग ते काय म्हणतात?"

"आम्ही मासे खातच नाही म्हणतात."

"आणि आत्या?"

"चोर तो चोर, वर शिरजोर."

तिला हसू आलं, पण ती कामावर होती. "वास कधी येतो?"

"कधीही. म्हणजे…" तो थांबला. "इस्त्री चालू असली की."

"आत येऊ? मी या इमारतीचं वायरिंग तपासतेय."

आतून आवाज आला, "वायरमन आलाय का रे?"

"आलीय, आत्या."

"आलीय? बरं. तिला म्हणावं, चपला बाहेर."

"बूट आहेत, आत्या. रबरी. ते काढून चालणार नाही," ती म्हणाली, आणि खिशातून कागद काढला.

*कागदावर:* बोर्ड लाकडी. बटणं पिवळी पडलेली. वायरीवरचं कापड बोट लावताच गळतंय. एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं.

*कागदावर नाही:* हसू दाबतो, पण ते डोळ्यांतून सांडतं.

तिने बोर्डाच्या झाकणाला हात लावला. पालथा.

"असा का?" त्याने विचारलं.

"धक्का बसला तर मूठ आवळते. तळवा लावला तर आपण तारेला धरूनच बसतो. हात पालथा असला की तो मागे येतो."

"म्हणजे भरवसा नसेल तिथे पालथा हात."

"आधी पालथाच. सगळीकडे."

"आणि सुलटा कधी?"

"…खात्री पटल्यावर." झाकण गरम होतं. तिचे कानही.

"मग माझीही एक तपासणी ऐका," तो म्हणाला. "तुमच्या कोटाची बाही मनगटाच्या खाली दोन बोटं लोंबतेय. तारांत अडकेल. लिहून घ्या – धोकादायक."

*कागदावर नाही:* शहाणा आहे.

तिने मेन स्विच पाडला आणि चिनीमातीचा जुना फ्यूज ओढून काढला. तारेच्या जागी केसांचा आकडा होता. काळा, जाडजूड, चांगला वाकवून बसवलेला.

"माझाच तो," आत्या अभिमानाने म्हणाली. "फ्यूज सारखा उडायचा. आकडा घातल्यापासून सात वर्षांत एकदाही नाही उडाला."

"आत्या, उडणं हेच त्याचं काम असतं. लोड वाढला की फ्यूजची बारीक तार वितळते आणि घर वाचतं. तुमचा आकडा वितळत नाही. मग तापते भिंतीतली वायर. तिच्या जळणाऱ्या आवरणाला मासळीसारखा वास येतो."

आत्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. "म्हणजे वरचे…"

"खरं बोलत होते."

आत्याने हळूच केसांतले उरलेले आकडे चाचपले.

आता कागदावर एकच ओळ उरली होती. *वीज ताबडतोब बंद.* तिने पेन टेकवलं आणि वर पाहिलं. दोरीवर निळे कोट टांगलेले होते. निम्म्यांना बाह्याच नव्हत्या.

"शाळेच्या गाणाऱ्या मुलांचे आहेत," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "चोवीस. शनिवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम. दुकान माझ्या हाती आल्यापासूनचं पहिलं मोठं काम. तीनच दिवस चालू राहू द्या. सात वर्षं काही झालं नाही, तर तीन दिवसांत…"

तिला 'बरं' म्हणायचं होतं. अगदी मनापासून.

"तुम्ही दोघं इथेच झोपता ना?" तिने विचारलं.

त्याने आत्याकडे पाहिलं. तिने सही केली, मेन स्विचला सील लावलं, आकडा आत्याच्या हातात ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. गळ्यापर्यंत बटणं लावल्यासारखं.

*कागदावर नाही:*

(ती जिन्यात बराच वेळ उभी राहिली, पण तिथे लिहायला तिला काही सुचलं नाही.)

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कामाची वेळ संपल्यावर ती पुन्हा आली. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात नवा बोर्ड, खिशात घरमालकाची लेखी परवानगी.

तो खिडकीपाशी पायमशीन चालवत होता. आत्या कोळशाच्या इस्त्रीला फुंकर घालत होती. चेहरा काजळलेला, पण खुशीत.

"आता कुठे सही करणार?" त्याने मान वर न करता विचारलं.

"कुठेच नाही. भिंत फोडायला आलेय. कोट झाका, धूळ उडेल."

मशीन थांबलं. तो उठला आणि चादरी पसरू लागला. शेवटची चादर पसरताना म्हणाला, "काल रात्री त्या बोर्डाच्या मागचं लाकूड पाहिलं. कोळसा झालाय."

"हं."

"मी तीन दिवस मागत होतो."

"हं."

"हं काय? भांडा ना जरा. मला बरं वाटेल."

"आत्याकडून शिकून येते," ती म्हणाली.

मग दोन संध्याकाळी ती वायर ओढत राहिली आणि तो बाह्या जोडत राहिला. उजेड होता तोवर खिडकी त्याची. नंतर तिची बॅटरी दोघांत. आत्या वरच्या मजल्यावर माफी मागायला गेली आणि दोन तास आलीच नाही. शुक्रवारी निघताना तिला आपला कामाचा कोट सापडला नाही. "उद्या मिळेल," तो म्हणाला, आणि खालमानेने दोरा ओवत बसला.

शनिवारी दुपारी तिने सील काढलेला मेन स्विच वर केला. दिवा लागला. इस्त्री तापली. पाच मिनिटं… दहा… वास कसलाच नाही. दोरीवर चोवीस कोट. आणि पंचविसावा तिचा, बाही बरोबर मनगटाशी संपणारी.

"माप कधी घेतलंत?"

"बुधवारी. तुम्ही बोर्ड बघत होतात, मी हात."

तिने नव्या बोर्डाला पालथा हात लावला. "गार."

"आता हे तपासा." त्याने आपला हात पुढे केला.

तिने त्यावरही पालथा हातच टेकवला. सवयच ती.

"गरम आहे," ती म्हणाली. "कधीपासून?"

"मासे शिजत होते तेव्हापासून."

ती हसली. आणि मग, अगदी सावकाश, तिने हात सुलटा केला.