डेलाची कबुली

शाळेच्या जिमखान्यामागे पत्र्याची शेड होती. तिथे बारावीच्या अकरा पोरांनी सप्टेंबरपासून १९३२ सालची एक फोर्ड उभी करायला घेतली होती. टप कापून चार बोटं खाली आणलं, बॉनेट काढून टाकलं, भंगारातल्या ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. नेब्रास्काच्या त्या गावाला हॉट रॉडचं, म्हणजे जुन्या गाड्या कापून-जोडून सुसाट पळवायचं, वेड आजोबा-पणजोबांपासूनचं. मे महिन्यात गावच्या मिरवणुकीत शाळेची गाडी धावली नाही तर लोक नावं ठेवतील, हे वर्कशॉपच्या स्ट्रॅटमन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

वेल्डिंगमध्ये हात बसलेले दोघंच: डेला व्हावरा आणि एफ्राइन ओरोस्को. पेडलं धरणाऱ्या दोन पट्ट्या त्यांच्याकडे आल्या. क्लचची एफ्राइननं जोडली, ब्रेकची डेलानं. त्या दिवशी बास्केटबॉलची मॅच होती आणि डेलाचा जीव तिकडे. सांधा आत मुरलाच नाही, नुसता वरवर चिकटला. तिला ते कळलं. तिनं ग्राइंडर फिरवला, भोकांत पुट्टी भरली, वर काळा रंग मारला आणि मॅचला पळाली.

शुक्रवारी सरांनी ब्रेकवर जोरात पाय दिला आणि पट्टी तुटून फरशीवर पडली. त्यांनी ती उचलून नखानं खरवडली.

"ब्रेकला पुट्टी," सर हळू आवाजात म्हणाले. "या गाडीत माणूस बसणार आहे. कुणाचं काम हे?"

डेलाच्या तोंडून निघून गेलं, "एफ्राइनचं."

एफ्राइननं तिच्याकडे पाहिलं. "वा, डेला," एवढंच म्हणाला. मग हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"या गाडीला तू पुन्हा हात लावायचा नाहीस," सर त्याला म्हणाले.

शनिवार-रविवार डेलाला घास गिळवेना. आई दोनदा म्हणाली, "काय झालंय तुला?" तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी शाळेत पोचताच ती पट्टी नव्यानं जोडायला शेडमध्ये गेली, तर पट्टी जोडलेली होती.

"सकाळी सातलाच येऊन उरकलंस, बरं केलंस," सर मागून म्हणाले. "पण नुसत्या शर्टावर कशी आलीस? बाहेर बर्फ पडतोय."

सातला डेला घरी धाकट्या भावासाठी अंडी तळत होती.

तिनं वाकून बघितलं. वेल्डरचा हात सहीसारखा असतो, लपत नाही. शेवटाला जराशी डावीकडे झुकणारी ती रेघ तिच्याच हातची होती. फक्त इतकी सुबक रेघ तिला आजवर साधली नव्हती. धातूला बोट लावलं. अजून कोमट होता.

"थँक्यू, सर," ती म्हणाली, आणि स्वतःचीच तिला किळस आली.

मंगळवारी एफ्राइन शेडमध्ये हजर होता. सरांनी सगळ्यांना गोळा केलं.

"डेला काल शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत आली. पुट्टी तिनं भरली होती. रडत सांगितलं तिनं. चुका सगळेच करतात, कबूल करायला छाती लागते."

"आता पुतळा उभारा हिचा," मागून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

काल शाळा सुटल्यावर डेला बसमध्ये होती. तिचे कान तापले. हे मी सांगितलेलंच नाही, असं म्हणायला आता तोंड कुठे होतं? खोटं बोलल्याची लाज एक, आणि न केलेल्या खरेपणाची शाबासकी घेण्याची दुसरी. दुसरी जास्त जाळत होती.

एफ्राइन जवळ आला. "मिटलं गं. चेहरा नीट कर जरा."

"एफ्राइन, ते मी..."

"मिटलं म्हटलं ना."

निदान एक माफी तरी आपल्या तोंडून जायला हवी, असं तिनं ठरवलं. शाळा सुटल्यावर ती घरी गेली, दप्तर टाकलं आणि रुळांपलीकडच्या ओरोस्कोंच्या घराकडे चालू लागली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. काय बोलायचं ते ती मनात घोकत होती.

दार एफ्राइनच्या आईनं उघडलं. हातात पळी, मागून मक्याच्या रश्शाचा वास.

"अगं, पुढच्या दारानं कशी आलीस?"

"काकू, मला एफ्राइनची माफी मागायची आहे."

"आणखी किती वेळा?" ती हसली. "अर्धा तास तेच चाललंय. बस झालं पोरी. हात धुतलेस ना? ये, निवतंय सगळं."

टेबलावर तीन ताटल्या होत्या. एका ताटलीतली टॉर्टियाची पोळी अर्धी खाल्लेली.

एफ्राइन खुर्चीत बसला होता. त्यानं डेलाकडे पाहिलं. मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

दाराआड नळ वाहत होता.

मग तो कुणीतरी बंद केला.