शीर सापडेपर्यंत

“तिसऱ्यांदा?” धनेशने विचारलं.

इरावतीचं बोट त्याच्या कोपराच्या खळग्यात शीर शोधत होतं. विजय नगरच्या त्या लॅबमध्ये रक्त द्यायचं तर हिच्याच हाताने, म्हणून लोक थांबून राहायचे. डोळे मिटून नुसत्या बोटाने शीर हेरायची ती. आणि आज…

“तुमच्या शिराच पळून राहिल्या,” ती म्हणाली.

“पळून राहिल्या?” तापाने फणफणलेला असूनही तो हसला. सांगलीहून बदली होऊन इथल्या बँकेत नुकताच आलेला, इकडची ही मराठी त्याला नवी होती. “मी इथेच आहे, मॅडम. हवं तितकं टोचा.”

ती हसली नाही. शीर पळत नव्हती. तिचं बोटच मुकं झालं होतं.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकायचा, पुन्हा झोपायचं. असं तिने दोन वर्षं अंगावर काढलं होतं. जिच्या पगारावर घर चालतं, तिचं दुखणं नेहमी रांगेत शेवटी उभं राहतं.

“मनगटात नस चेपली आहे,” डॉक्टर म्हणाले. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग पार बसला होता. “ऑपरेशनने रात्रीचं दुखणं जाईल. बोटांतली जाणीव मात्र… येईल तेवढी आपली. फार उशीर केलात.”

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला. हिरव्या कापडापलीकडे आपलंच मनगट उघडलं जातंय, हे ती जागेपणी ऐकत राहिली. मग बँडेज, गळ्यात अडकवलेला हात, आणि वेणी घालायलासुद्धा आई.

रिपोर्ट न्यायला आलेला धनेश एव्हाना गढा भागातल्या तिच्या घरापर्यंत पोचला होता. केळी घेऊन.

“डाव्या हाताने सोलता येतात,” तो म्हणाला.

“काहून हो,” तिच्या आईने, कुंदाताईंनी विचारलं, “बँकेचा रस्ता रोज इकडूनच आहे काय तुमचा?”

“नाही ना, काकू. म्हणून तर रोज चुकतो.”

टाके निघाले. रात्रीची झोप परत आली. तो दर रविवारी बाही वर करून बसायचा. “चला, सराव!” ती डोळे मिटून बोट फिरवायची… कापसावरून फिरवल्यासारखं. एकदा पोळी उलटताना बोट भाजलं, ते तिला वासावरून कळलं. लॅबने तिला पावत्यांच्या काउंटरवर बसवलं.

त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “शीर सापडू द्या. मग सांगते.” अर्ध्या हाताची बायको म्हणून तिला कोणाच्या गळ्यात पडायचं नव्हतं.

थंडी आली. त्या रविवारी तिने बोट टेकवलं, डोळे मिटले, खूप वेळ थांबली.

“इथे… आहे काय?”

“आहे! बरोब्बर तिथेच!” धनेश जवळजवळ ओरडलाच.

तिने डोळे उघडले. बोट हाडावर होतं.

“खोटं काहून बोलून राहिले?”

तो खाली बघू लागला. “मला उत्तर हवंय, इरावती.”

“मग ऐका. सुई आता माझ्या हातात येणार नाही. संपलं ते.” तिचा आवाज फाटला. “हा हात असाच भाजेल. कप सुटतील, फुटतील…”

“स्टीलचे आणू.”

रडता रडता तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचा रागही आला. तिने त्याचं मनगट धरलं. अंगठ्याला काही कळलं नाही, मधल्या बोटालाही नाही. करंगळीची नस मात्र वेगळ्या वाटेने जाते. ऑपरेशनच्या आधीही ती शाबूत होती, आणि शिरा शोधण्याच्या नादात तिला कोणी कामाला लावलंच नव्हतं. इरावतीने तीच पुढे सरकवली, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, हळूच दाबली… आणि खाली काहीतरी उडायला लागलं. भराभरा.

“नाडी किती धावून राहिली तुमची!”

“मग? तुम्ही उत्तर देत नाही…”

तिने करंगळी उचलली नाही. बराच वेळ नुसती मोजत राहिली, आणि आकडा सारखा चुकत राहिला.

“आईला मी सांगते,” ती अखेर म्हणाली. “पण पुन्हा असं खोटं नका बोलू. मला बोटाने कळत नसेल — डोळ्यांनी सगळं कळतं.”