तिसरी टॉर्च

हेमेंद्रने काउंटरवर पाच टॉर्च ओळीने मांडल्या आणि हसू दाबत विचारलं, "काका, टार्च खाऊन राहिले का? महिन्याभरात ही तिसरी."

"तुह्या ब्याटऱ्या खराब हायेत," ताराचंद म्हणाला. "रातच्याले फुल चार्ज करतो. सकारी पाहतो त लाल."

"रातभर चालू राहाते का?"

"खिळ्याले टांगून राहाते. बंद."

हेमेंद्रने परत आणलेली टॉर्च उघडून मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती. ताराचंदलाही ते ठाऊक होतंच, घरी त्यानेही तेच करून पाहिलं होतं. पंचवीस वर्षं राइस मिलच्या मोटरी सांभाळलेला माणूस तो. वायर हाताळली की दोष कुठे आहे ते त्याला कळायचं. भूतखेत, जादूटोणा त्याच्या घरातून बापाच्या काळातच हद्दपार झालेले. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या खाली बायकोची, रुक्माबाईची. त्यामुळे बॅटरीच खराब, यावर तो अडून बसला होता. दुसरं काही मानायचं म्हटलं तर फार काही मानावं लागलं असतं.

नवेगाव बांधच्या त्या दुकानात भर दुपारी अर्धं शटर ओढून हेमेंद्रने एकेक टॉर्च मागच्या पोत्यांवर मारून दाखवली. "हे पाहा, लांब फोकस. अर्धा किलोमीटर मारते."

"लांब कायले पायजे? किती वेळ चालते ते सांग."

"फुलवर दोन घंटे. बारीक उजेडावर पाच."

"बारीक नाई. फुलवर. चार घंटे चालली पायजे."

"चार घंटे काऊन?"

"मोहाच्या झाडापासून घरापर्यंत यायले," ताराचंद बोलून गेला आणि ओशाळला.

हेमेंद्रचं हसू गेलं. रुक्माबाईचं काय झालं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून एक जड, मुठीची टॉर्च काढून दिली. "फुलवर चार घंटे. जंगलात गस्त घालणारे नेतात." ताराचंदने एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. ताराचंदच्या धानाच्या बांधीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे जंगलाच्या कडेला त्याचं मोहाचं झाड. फुलं पहाटे गळतात, म्हणून बाया उजाडायच्या आधी वेचायला निघतात. मोहफुलं अस्वलालाही आवडतात. म्हणून आधी दुरून झाडाखाली चांगला उजेड मारायचा, खाकरायचं, मगच टोपली घेऊन बसायचं. टॉर्च रात्री चार्जिंगला लावून ठेवणं हे त्या दिवसांत चूल पेटवण्याइतकंच नेमाचं काम.

घरात सॉकेट एकच. त्या रात्री मॅच रंगात आली होती आणि मोबाइलचा जीव चालला होता. ताराचंदने टॉर्चची पिन काढली, मोबाइल लावला, टॉर्च कोनाड्यात सारली. वायर तशीच लोंबत राहिली. रुक्माबाईला असलं चालत नसे. दोरी असो की वायर, चार बोटांवर गुंडाळून शेवटी गाठ मारल्याशिवाय ती ठेवत नसे.

पहाटे तिने अंधारात चाचपत कोनाड्यातली टॉर्च घेतली. दारातून विचारलं, "चार्जिंगले लावली होती ना जी?"

"हव," ताराचंद म्हणाला आणि कूस बदलली.

झाडाखाली अस्वल होतं. टॉर्च तिच्या हाताशीच सापडली, विझलेली. गावाने अस्वलाला दोष दिला, नशिबाला दिला. ताराचंदला कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका शब्दाबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नाही, लेकीला, अल्कालाही नाही. वर्षभर तो शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखा घेऊन तो जेवत होता, झोपत होता.

यंदा मोह गळू लागला आणि टॉर्चचं सुरू झालं.

पहिली एक तास चालणारी. सकाळी ती खिळ्यावरच होती, पण संपलेली, पट्टा दवाने ओला. दाराला आतून कडी. ताराचंद वर्षभरात प्रथमच झाडाकडे गेला. झाडाखालची पानं लख्ख झाडलेली होती. आणि घराकडच्या वाटेवर, झाडापासून शंभर पावलांवर, मोहफुलांचा लहानसा ढीग. जिथे उजेड संपला तिथे कुणी ओटी रिकामी करावी तसा.

दुसरी दोन तासांची. ढीग नाल्यापाशी आला. दोनशे पावलं.

ताराचंदचा विश्वास नव्हता. पण पावलं त्याने दोनदा मोजली. शंभर पावलांना एक तास, आणि झाडापासून उंबरठ्यापर्यंत बरोबर चारशे पावलं. एवढ्याशा वाटेला तिला इतका वेळ का लागत असेल, असं मनात आलं आणि त्याला भर उन्हात रडू कोसळलं.

नवी टॉर्च त्याने संध्याकाळपर्यंत चार्ज केली. दिवा हिरवा झाला. मग ती खिळ्याला टांगली आणि सॉकेटमध्ये मोबाइल लावला. सकाळी अल्काचा फोन यायचा होता.

खाटेवर बसून रिकाम्या घरात तो मोठ्याने म्हणाला, "नाई लावली होती, रुक्मा. मीनंच काढली होती."

पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज कापला नाही. आज जागं राहायचं. तिने विचारलं, तर या खेपेला खरं सांगायचं. एवढंच त्याला हवं होतं.

पण म्हातारं शरीर. डोळा लागला.

झोपेत कुणीतरी दारातून काहीतरी विचारलं.

"हव," तो म्हणाला आणि कूस बदलली.

मग ताडकन उठून बसला.

उजाडलं होतं. दाराला आतून कडी होती. खिळा रिकामा होता.

उंबरठ्याच्या आत मोहफुलांचा ढीग होता, ओला, ताजा.

"रुक्मा," तो म्हणाला. "नाई. नाई लावली होती."

घरात कुणी नव्हतं.

टॉर्च सॉकेटमध्ये होती. पिन नीट आतपर्यंत खोचलेली, दिवा लाल.

मोबाइल कोनाड्यात होता, बंद पडलेला. त्याची वायर चार बोटांवर गुंडाळून शेवटी गाठ मारलेली होती. ताराचंदने हात लावला, तेव्हा गाठ अजून ओली होती.